कोणाला माझा आयपी ॲड्रेस मिळाला, तर तो माझ्या घरापर्यंत पोहोचू शकतो का?

नाही. नुसत्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवर आपल्या कनेक्शनला मिळणाऱ्या नंबरावरून, तो तुमच्या दारात येऊ शकत नाही. गेममध्ये भांडण झालं, समोरच्यानं ‘तुझा आयपी काढलाय, घरी येतो’ असा मेसेज टाकला आणि तेव्हापासून झोप नाही, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे आधी सांगितलं.

मी कोल्हापुरात ब्रॉडबँडची कनेक्शनं जोडतो. गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीत एका घरी राउटर बघायला गेलो, तर तिथल्या कॉलेजच्या पोरीला असाच मेसेज आलेला. तिच्याच फोनवर आम्ही आयपीचं ठिकाण दाखवणारी साइट उघडली. नकाशावरची खूण पडली पुण्यात. वायफाय बंद करून मोबाईल डेटा लावला, तर खूण थेट मुंबईत. तोवर दारात उभी असलेली तिची आई तेव्हा कुठं खुर्ची ओढून बसली.

कारण आयपी घराचा नसतोच, इंटरनेट कंपनीचा असतो. ती तो आपल्याला वापरायला देते. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून बऱ्याच कंपन्या एकाच आयपीमागं अनेक गिऱ्हाईकं ठेवतात. कोणत्या वेळी तो कोणाकडं होता, ही नोंद कंपनीकडं असते. ती पोलिसांना रीतसर मागता येते, गेममधल्या पोराला नाही.

आयपी हातात असेल तर तो फार तर तुमच्या लाइनवर फालतू ट्रॅफिकचा मारा करून नेट बंद पाडू शकतो. राउटर थोडा वेळ बंद ठेवून चालू केला की बऱ्याचदा आयपी बदलतो. स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणारा आयपी घेतला असेल तर मात्र कंपनीला फोन करा.

मला खरी काळजी राउटरची आणि कॅमेऱ्याची वाटते. त्या घरात राउटरच्या लॉगिनचं नावही ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’, बसवल्या दिवसापासून तसाच. जिन्यातला कॅमेरा बाहेरून बघता यावा म्हणून कोणीतरी राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून ठेवलेला. असं उघडं दार शोधायला कोणाला तुमचं नाव माहीत असावं लागत नाही. इंटरनेटवर असे पत्ते रात्रंदिवस आपोआप चाचपले जातात. आज संध्याकाळीच राउटरचा आणि कॅमेऱ्याचा, दोन्ही पासवर्ड बदला आणि राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा.

आणि गेममधलं तुमचं नाव इन्स्टाग्रामवरही तेच आहे का, ते बघा. गॅलरीतून दिसणारा रंकाळा, कॉलेजचं आयकार्ड, गाडीची नंबरप्लेट असले फोटो घर शोधायला आयपीपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतात.

व्हीपीएनचं, म्हणजे आपलं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून नेणाऱ्या सेवेचं विचारलंय. त्यानं गेमपासून आयपी झाकला जातो, पण मग तो व्हीपीएनवाल्याला दिसतो. फुकटातला तर घेऊच नका. ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे खासगी विंडोनं आयपी झाकला जात नाही. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डखाली कॉलमधला आयपी झाकायचा पर्याय आहे, तो चालू करा.

त्या माणसाला ब्लॉक करा, पण आधी स्क्रीनशॉट घ्या: मेसेज, प्रोफाइल, तारीख आणि वेळ, सगळं दिसेल असे. घरी येण्याची धमकी ही तक्रार करण्यासारखीच गोष्ट आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात ती देता येते. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. जाताना घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर न्या.