करारानंतरची अकरा वर्षं

सप्रेम नमस्कार.

तंत्रज्ञान धोरणावरचा तुझा खर्डा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण सगळा भर तरतुदींवर आहे. कोणत्या सरकारनं किती रक्कम जाहीर केली, एवढ्यावरून तू वाढीचा अंदाज बांधलास. पैसा लागतोच. मात्र तो माणसांच्या कसबात, कारखान्यात आणि शेवटी उत्पन्नात कसा उतरतो, ते खर्ड्यात कुठेच नाही.

तैवानकडे नीट बघ. १९७३ मध्ये तिथल्या सरकारनं औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था काढली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून चिप बनवण्याचं तंत्र घेतलं आणि तरुण अभियंते शिकायला तिकडे पाठवले. ते तंत्र त्या काळीही सर्वांत पुढचं नव्हतं. पण परतलेल्या मंडळींनी संस्थेतच प्रायोगिक कारखाना चालवला आणि हात बसेपर्यंत चिप बनवल्या. त्यातून चिप बनवणाऱ्या दोन कंपन्या निघाल्या: १९८० मध्ये यूएमसी, १९८७ मध्ये टीएसएमसी. टीएसएमसीचं सुरुवातीचं जवळपास निम्मं भांडवल सरकारी होतं, कारण खासगी गुंतवणूकदार बिचकत होते. करारापासून तिथवर अकरा वर्षं! एवढा काळ निधी आटू न देणं हेच मला त्यातलं सर्वांत अवघड काम वाटतं, आणि तुझ्या कोष्टकात त्याला रकानाच नाही.

नुसत्या चिकाटीनंही भागत नाही. जपाननं १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या, म्हणजे माणसासारखा तर्क करू शकेल अशा, संगणकाचा प्रकल्प हाती घेतला, दशकभर पैसा पुरवला, हुशार माणसं दिली. पण खास त्या कामासाठी घडवलेली यंत्रं तयार होईपर्यंत बाजारातले सर्वसाधारण, स्वस्त संगणक झपाट्यानं पुढे आले होते. माणसं तयार झाली, गिऱ्हाईक मिळालं नाही. तैवानच्या कारखान्याला ते मिळालं. हा फरक मांडल्याशिवाय खर्डा पुढे पाठवू नकोस.

आणखी एक. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारनं जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्यासाठी नवा उपग्रह सोडावा लागला नाही, तरी अचूकता दहापटीपर्यंत वाढली. नकाशे, मालवाहतूक, शेतीची यंत्रं, सगळ्यांच्या हाती आयतं साधन आलं. ज्याला जवळपास काहीच तरतूद लागत नाही, असा निर्णय वाढीच्या हिशेबात कुठे धरायचा? माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. पुढच्या खर्ड्यात तुझं वाचायचं आहे.