प्रोसेसर ओव्हरक्लॉक केल्यावर (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवल्यावर) रॅमचा वेगही त्याच्याशी जुळवावा लागतो का?

नाही, कोअरच्या (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या भागाच्या) वेगाशी रॅम जुळवायची गरज नसते. जुळवायचा असतो तो मेमरी कंट्रोलरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम हाताळणाऱ्या भागाचा वेग. कोअरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (१०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ४२ वरून ४५ केला तर कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर जातो, रॅम जागची हलत नाही. बेस क्लॉक १०० वरून १०३ केलात तर मात्र, रॅमचा वेगही त्यावरच ठरत असल्यामुळे, ३६०० ची रॅमही गुपचूप ३७०८ वर जाते, आणि मशीन लटकलं की लोक प्रोसेसरच्या व्होल्टेजला दोष देत बसतात.

डीडीआर४-३६०० रॅमचा खरा क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ असतो, कारण एका ठोक्यात दोनदा डेटा जातो. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १८०० दिसलं की घाबरू नका. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत मेमरी कंट्रोलर आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारा आतला दुवा) दोन्ही याच १८०० वर ठेवले की १:१ जुळतं. रॅम त्यापलीकडे ४००० वर नेली आणि फॅब्रिकला २००० झेपलं नाही, तर कंट्रोलर अर्ध्या वेगावर चालवावा लागतो, लेटन्सी (डेटा मिळायला लागणारा वेळ) वाढते आणि महागडी रॅम गेममध्ये ३६०० च्याही मागे पडू शकते. इंटेलमध्ये ११व्या पिढीपासून हेच गिअर १ (१:१) आणि गिअर २ (कंट्रोलर अर्ध्या वेगावर) या नावांनी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये सापडेल.

फक्त प्रत्येक चिप सारखी नसते, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आधी रॅम पक्की करा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा, मगच कोअरला हात लावा. रॅमची चूक दर वेळी निळा स्क्रीन दाखवत नाही. कधी कधी ती मुकाट्याने फायली बिघडवते.