वाचकांचे प्रश्न : सीटखालची टकटक

प्रश्न : मी बदलापूरहून रोज लोकलने दादरला जाते. जूनमध्ये लेडीज डब्यात सीटखालून सारखी टकटक ऐकू यायची. गाडीने वेग घेतला की भराभर, मंदावली की सावकाश. गाडी घसरते की काय, अशी धास्ती वाटायची. आठवड्याने आवाज बंद झाला. तो कशाचा होता? कारशेडमध्ये अशा गाडीचं काय करतात?

उत्तर : ताई, तुम्ही वेगाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आवाज रुळाचा असता तर ठरावीक जागीच आला असता, सांध्यावर किंवा गाडी रूळ बदलते तिथे. तुमचा आवाज डब्याबरोबर चालत होता, म्हणजे चाकाला ‘फ्लॅट’ पडला होता, गोल चाक एका जागी घासून सपाट झालं होतं. लोकलच्या नव्या चाकाचा व्यास 952 मिलिमीटर, घेर जवळपास 3 मीटर. ताशी 60 किलोमीटरला ते सेकंदाला साडेपाच फेऱ्या मारतं आणि दर फेरीला एक ठोका देतं.

जून महिनाही जुळतो. पहिल्या पावसाची भुरभुर रुळावरच्या धुळीत आणि तेलात मिसळली की रूळ बुळबुळीत होतो. ब्रेक लागतो, चाक जखडतं, पण गाडी त्याला तसंच फरपटत नेते. तेवढ्यात एक बाजू घासली जाते. धो-धो पाऊस त्यापेक्षा परवडला, तो रूळ धुऊन तरी काढतो.

मी 31 वर्षं कारशेडमध्ये फिटर होतो. पिटलाईनवर गाडी डोक्यावर आणि आम्ही खाली खड्ड्यात, हातात बॅटरी. ब्रेकशू, बोल्ट, स्प्रिंगा बघत पुढे सरकायचं. चाकावरून अंगठा फिरवला की आरशासारख्या गुळगुळीत पोलादात मध्येच रुपयाएवढी सपाट जागा लागायची, कडेला निळसर झाक. ती घर्षणाच्या उष्णतेची. तिथलं पोलाद कडक पण ठिसूळ होतं, पुढे तुकडा उडू शकतो. लहान फ्लॅटने गाडी घसरत नाही, पण प्रत्येक ठोका रुळाला आणि बेअरिंगला बसत राहतो. म्हणून तो तसाच ठेवून चालत नाही.

मग गाडी पिट-लेथवर, म्हणजे चाक तासायच्या यंत्रावर. चाक काढावं लागत नाही, लेथच रुळाखाली खड्ड्यात असतो. चाक जागेवर फिरतं आणि पोलादाच्या कुरळ्या पट्ट्या खाली पडतात. एका आसावरची दोन्ही चाकं सारख्या मापाची लागतात, म्हणून धडधाकट जोडीदारही तासावा लागतो. एवढ्याशा डागापायी दोघांचं आयुष्य घटतं, याचं मला दरवेळी वाईट वाटायचं.

आता तुमच्याकडून एक हवं आहे. वेळ तीच असली तरी रेक, म्हणजे डब्यांचा जोडलेला संच, रोज तोच येईल असं नाही. तुमचा आवाज थांबला तो चाक तासलं म्हणून असेल, किंवा तो रेक दुसऱ्या फेरीला लागला आणि तिथल्या बायका तीच टकटक ऐकत बसल्या असतील. बारा डब्यांच्या गाडीला 96 चाकं असतात. डब्यावर रंगवलेला नंबर टिपून घ्या आणि गार्डला किंवा 139 वर कळवा. तेवढ्याने 96 ची 8 होतात. सीट पुढच्या टोकाला होती की मागच्या, हेही सांगितलंत तर फिटर थेट त्या टोकाच्या बोगीखाली, म्हणजे चार चाकांच्या सांगाड्याखाली, जाऊन बसतो.