वाचकांच्या शंका : मुदत ठेवीवरचे क्रेडिट कार्ड, त्याचे शुल्क आणि ‘कस्टमर केअर’

गेल्या दोन महिन्यांत सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच विषय वारंवार आला. पूर्वीच्या थकबाकीमुळे सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) घसरला, नेहमीचे कार्ड मिळेना, म्हणून मुदत ठेव तारण ठेवून कार्ड घेतले आणि पुढे त्याच्या शुल्कांनी व फोनवरच्या उत्तरांनी डोके उठवले, असा बहुतेकांचा अनुभव आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि बँकांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : सांगलीच्या गणपती पेठेत माझे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माल भिजला, पाठोपाठ टाळेबंदी आली आणि दोन क्रेडिट कार्डांची बाकी थकली. पुढे दोन्ही बँकांशी तडजोड करून ती मिटवली, तरी आता टेम्पोसाठी कर्ज मिळत नाही. एका बँकेच्या प्रतिनिधीने २५,००० रुपयांच्या ठेवीवर २०,००० रुपये मर्यादेचे कार्ड दिले आणि ‘वापरत राहा, सिबिल आपोआप सुधारेल’ असे सांगितले. ६ जूनला १२,००० रुपयांची खरेदी केली. २० जूनच्या स्टेटमेंटवर किमान देय रक्कम ६०० रुपये होती, ती १० जुलैला, म्हणजे अंतिम तारखेलाच भरली. २० जुलैच्या स्टेटमेंटवर बाकी १२,१०८ रुपये ७८ पैसे! मध्ये एक रुपयाचीही खरेदी नाही. कस्टमर केअरवर ‘सिस्टीमने लावले आहे’ एवढेच उत्तर मिळते. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे असे ऐकतो, ते खरे आहे का?

उत्तर : आपण स्टेटमेंटची दोन्ही पाने पाठवलीत हे बरे केले, कारण खरे उत्तर दुसऱ्या पानावरच्या बारीक अक्षरांत आहे. तेथे व्याजाचा दर दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असा छापला आहे. पूर्ण रक्कम अंतिम तारखेपर्यंत भरली नाही, की व्याजमुक्त मुदत रद्द होते आणि व्याज अंतिम तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून लागते. प्रतिनिधी सहसा नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

आता हिशेब मांडू. ६ जून ते १० जुलै या ३४ दिवसांत १२,००० रुपयांवर ४६९ रुपये ४८ पैसे व्याज झाले. आपण ६०० रुपये भरल्यावर उरलेल्या ११,४०० रुपयांवर पुढच्या १० दिवसांचे १३१ रुपये १८ पैसे झाले. एकूण व्याज ६०० रुपये ६६ पैसे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १०८ रुपये १२ पैसे. म्हणजे आपण भरले ६०० आणि बँकेने लावले ७०८ रुपये ७८ पैसे. स्टेटमेंटवरचा आकडा पैशासह जुळतो. बँकेने हिशेबात चूक केलेली नाही. मात्र कर्मचाऱ्याला हे दोन ओळींत सांगता येऊ नये, ही सेवेतील उणीव आहेच, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पुढच्या महिन्यात किमान देय रक्कम ६०० वरून १,२७८ रुपये ७८ पैसे झाली, हेही आपल्याला खटकलेले दिसते. मूळ बाकीचे ५ टक्के, म्हणजे ५७० रुपये, अधिक लागलेले सगळे व्याज व कर, अशी ती रक्कम आहे. किमान रक्कम भरत राहूनही कर्ज वाढतच जावे अशी ती ठरवता कामा नये, आणि न भरलेली शुल्के व कर मुद्दलात मिळवून त्यांवर पुन्हा व्याज लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत बजावले आहे. ही वाढलेली रक्कम त्याच नियमाची दुसरी बाजू आहे. ती भरून हात आखडता घेण्यापेक्षा, शक्य असेल तर दुकानाच्या गल्ल्यातून संपूर्ण बाकी एकदम फेडून टाका. ४२ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून ६-७ टक्क्यांची ठेव सांभाळण्यात कोणताही व्यापारी शहाणपणा नाही.

३० टक्क्यांची गोष्ट एके काळी खरी होती. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये, थकीत बाकीवर ३० टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे त्या आधारावर वाद घालण्यात आता अर्थ नाही.

आता ‘आपोआप सुधारेल’ या वाक्याकडे वळू. ३०० ते ९०० या पट्टीवरचा स्कोअर केवळ कार्ड बाळगल्याने हलत नाही. अहवालात मागच्या ३६ महिन्यांची परतफेड महिन्यागणिक दिसते आणि मर्यादेपैकी किती भाग वापरात आहे हेही पाहिले जाते. २०,००० पैकी १२,००० म्हणजे ६० टक्के वापर झाला. ज्याची पत सावरायची आहे त्याने हा वापर ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे आपल्या बाबतीत ६,००० रुपयांच्या आत ठेवावा. दुकानाचे वीजबिल आणि मोबाईलचे रिचार्ज एवढेच या कार्डावर टाका, स्टेटमेंट आले की पूर्ण रक्कम भरा आणि एटीएममधून या कार्डाने पैसे चुकूनही काढू नका. अनेक बँका रोख रकमेच्या २.५ टक्के किंवा किमान ५०० रुपये शुल्क घेतात. २,००० रुपये काढले तर जीएसटीसह ५९० रुपये तेथेच गेले आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू झाले. आणखी एक गैरसमज दूर करतो. ठेव तारण आहे म्हणून हप्ता चुकला तरी स्कोअर शाबूत राहतो, असे अजिबात नाही. बँक ठेवीतून वसुली करते आणि थकल्याची नोंदही पाठवते.

जुन्या दोन कार्डांपुढे ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोडीने मिटवले, असा शेरा दिसत असेल. टेम्पोचे कर्ज अडण्याचे मोठे कारण तोच आहे, नवे कार्ड नव्हे. त्याचा उपाय शेवटच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. पतीच्या आजारपणात हप्ते चुकले होते, म्हणून ठेवीवरचे कार्ड घेऊन दीड वर्ष सगळी बिले वेळेवर भरली. ‘आजीवन मोफत’ म्हणून दिलेल्या या कार्डावर दुसऱ्या वर्षी ४९९ रुपये वार्षिक शुल्क आणि जीएसटी मिळून ५८८ रुपये ८२ पैसे लागले, ते मान्य नसल्याने मी भरलेले नाहीत. कार्ड बंद करा म्हणून तीन वेळा फोन केला. दर वेळी नवी माणसे, नव्या ऑफर. पोवई नाक्याजवळच्या शाखेत गेले, तर ‘कार्डाचे काम शाखेत होत नाही, हेड ऑफिसला कळवलंय’ असे सांगून पासबुक परत केले. ठेवीवरचा बोजाही उतरवलेला नाही. काय करावे?

उत्तर : ताई, तीन फोन करूनही आपल्या हातात एकही तक्रार क्रमांक नाही, ही या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट आहे. फोनवरचे बोलणे बँकेकडे ध्वनिमुद्रित असते. आपल्याकडे मात्र काहीच उरत नाही. म्हणून आजच ईमेल करा, किंवा बँकेच्या संकेतस्थळावरील अथवा ॲपमधील कार्ड बंद करण्याच्या पर्यायातून अर्ज टाका आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. असे पर्याय उपलब्ध ठेवणे बँकेवर बंधनकारक आहे आणि ‘टपालानेच अर्ज पाठवा’ असा आग्रह तिला धरता येत नाही. कार्ड बंद करणे आणि मुदत ठेवीवरचा बोजा उतरवणे, या दोन्ही मागण्या एकाच पत्रात, पण वेगळ्या ओळींत लिहा. बँकेच्या लेखी ती दोन वेगळ्या टेबलांची कामे असतात आणि एक झाले म्हणून दुसरे होतेच असे नाही.

नियम आपल्या बाजूचा आहे. सर्व देणी चुकती असतील, तर बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावा लागतो. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी, रविवार व सुट्ट्या धरून, बँक ग्राहकाला ५०० रुपये देणे लागते. चौदा दिवस उशीर झाला तर ७,००० रुपये. पण ‘सर्व देणी चुकती असतील तर’ या शब्दांत मेख आहे. आपण वार्षिक शुल्क अमान्य म्हणून भरलेले नाही, त्यामुळे बँकेच्या खात्यात ते देणे म्हणून उभे आहे आणि सात दिवसांचे घड्याळ सुरूच झालेले नाही. शिवाय त्याच ५८८ रुपयांपायी दीड वर्षाच्या स्वच्छ परतफेडीवर थकबाकीचा डाग पडू शकतो. माझे मत विचाराल, तर ‘शुल्क मान्य नाही, हक्क राखून भरणा करीत आहे’ असे लेखी कळवून ती रक्कम भरून टाका, मग अर्ज करा आणि शुल्काचे भांडण स्वतंत्रपणे लढा. तत्त्वासाठी अडून बसण्याचा मोह होतो हे मी समजू शकतो, पण येथे तो महागात पडेल.

त्या भांडणासाठी कार्डाच्या अर्जासोबत मिळालेले एक पानी मुख्य माहितीपत्रक शोधा. शुल्क व व्याजाचे दर त्यात छापावेच लागतात. ‘पहिले वर्ष मोफत’ असे असेल तर प्रतिनिधीने तोंडी बढाई मारली, एवढेच सिद्ध होते. ‘आजीवन’ असे असेल आणि नंतर बदल केला असेल, तर किमान एक महिना आधी सूचना देणे बँकेवर बंधनकारक होते. असा बदल नको असेल तर जादा आकार न भरता कार्ड परत करण्याचा हक्कही ग्राहकाला आहे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी देशभर एकच एकात्मिक योजना आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, शुल्क काही नाही आणि वकील लागत नाही. बँकेकडे आधी केलेल्या लेखी तक्रारीची प्रत मात्र लागतेच. तीन फोनांचा तेथे काडीचा उपयोग होणार नाही.

कार्ड बंद करण्याआधी एवढेच तपासा, की आपल्या नावावर दुसरे चालू कर्ज किंवा कार्ड आहे का. हे एकमेव खाते असेल, तर दुसरे सुरू होईपर्यंत ते चालू ठेवलेले बरे.

प्रश्न : कराडहून लिहीत आहे. अंतिम तारीख शनिवारी होती, मी सोमवारी यूपीआयने पूर्ण बिल भरले. तरी विलंब शुल्क म्हणून ५०० रुपये आणि जीएसटी ९० रुपये लागले. सिबिलवरही परिणाम होईल का?

उत्तर : नाही, आणि शुल्कही परत मागा. खाते तीन दिवसांपेक्षा जास्त काळ थकीत राहिले, तरच विलंब शुल्क लावता येते आणि सिबिलसारख्या पतमापन कंपनीला थकबाकी कळवता येते. आपला उशीर दोन दिवसांचा आहे. यूपीआयच्या पावतीवरचा दिनांक, वेळ आणि व्यवहार क्रमांक जोडून ५९० रुपये परत करण्याची मागणी ईमेलने करा. ही मुभा विलंब शुल्क आणि नोंद यांपुरतीच आहे, तेव्हा दर महिन्याला तिच्यावर विसंबू नका. बिल खात्यातून आपोआप वळते होईल अशी सोय करून ठेवा.

प्रश्न : तासगावात एक जण ८,००० रुपये घेऊन ‘सिबिल क्लिअर’ करून देतो, ‘सेटल्ड’ शेराही काढतो म्हणतो. द्यावेत का? माझी ठेव पतसंस्थेत आहे, तिच्यावर कार्ड मिळेल का?

उत्तर : देऊ नयेत. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही, आणि खोटी असेल तर ती दुरुस्त करून घेणे फुकट आहे. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवा आणि चुकीच्या नोंदीवर तेथेच आक्षेप नोंदवा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

‘सेटल्ड’ शेऱ्याचा मार्ग वेगळा आहे, आणि गणपती पेठेतल्या वाचकांनाही तो लागू पडतो. तडजोडीत बँकेने जी रक्कम सोडून दिली, ती आता भरायची तयारी दाखवून बँकेला लेखी विचारावे. बँकेने होकार दिला, तर रक्कम भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि नोंद ‘क्लोज्ड’ अशी बदलून पाठवण्याची मागणी त्याच पत्रात करावी. शेरा बदलणे कर्ज देणाऱ्या बँकेच्या हातात असते, त्या मध्यस्थाच्या नव्हे.

पतसंस्थेतील ठेवीवर बँक कार्ड देणार नाही. कार्ड देणाऱ्या बँकेतच ठेव असावी लागते, आणि पतसंस्थेत वेळेवर फेडलेली कर्जेही या अहवालांत सहसा उमटत नाहीत. पतसंस्थेतील ठेव मुदतीआधी मोडून व्याज गमावू नका. मुदत संपली की त्यातील दहा-पंधरा हजार बँकेत वळवा. त्या बँकेत किती रुपयांच्या ठेवीवर कार्ड मिळते आणि ठेवीच्या किती टक्के मर्यादा मिळते, हे आधी माहितीपत्रकातून वाचून घ्या. प्रतिनिधीच्या तोंडून ऐकू नका.