आपल्या गुळाला आपलं नाव

प्रश्न : आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, वडिलांपासूनचं. मुलगी कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. ती म्हणते, आपल्या गुळाचं ब्रँडिंग करायचं. त्यासाठी पुण्याचा सहा महिन्यांचा डिजिटल ब्रँडिंगचा कोर्स तिनं बघून ठेवलाय, फी पाऊण लाख. ‘अस्सल कोल्हापुरी सेंद्रिय गूळ’ असं नावही ठरवलंय. आमचा बहुतेक गूळ सौद्याला, म्हणजे लिलावाला जातो. घरच्यासाठी आणि कोल्हापूर-इचलकरंजीतल्या चाळीसेक ओळखीच्या घरांसाठी मी हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवणारी गंधकाची पावडर) न घालता वेगळं आधण, म्हणजे एका काहिलीतला वेगळा गूळ काढतो. चांगल्या मालाला जाहिरात कशाला लागते? तिला काय सांगू?
– एक पालक

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते चाळीस घरांचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण माझं सगळं उत्तर त्याच वाक्यात आहे.

ही घरं बाजारात मिळणारा पिवळाधमक गूळ सोडून तुमचा काळपट गूळ का घेतात? तुम्ही त्यात काय घालता आणि काय घालत नाही, हे त्यांना माहीत आहे म्हणून. काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हेही माहीत आहे. ब्रँड म्हणतात तो हाच. तो तुमच्याकडे आहेच, फक्त त्याला नाव दिलेलं नाही आणि तो ओळखीच्या उंबऱ्यापुढे गेलेला नाही.

चांगल्या मालाला जाहिरात लागत नाही, हे तुमचं म्हणणं ओळखीच्या टापूत खरंच आहे. पण सौद्यात काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. रवा (गुळाची ढेप) फोडून रंग बघतात, दर पुकारतात, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब तुमच्या हातात पडतो आणि गाडी गुजरातच्या वाटेला लागते. तिथं तो खाणाऱ्याला कोणत्या गावचा, कोणत्या गुऱ्हाळाचा, काही कळत नाही. पुढच्या वर्षी त्याला तोच गूळ हवा असला तरी मागायचा कसा? तुम्ही रानात राबून, भेंडीचं पाणी घालून, मळी काढून जे केलं, ते दराच्या एका आकड्यात संपतं. शिवाय तो आकडा रंगावर ठरतो. म्हणून तर सौद्याच्या आधणात हायड्रॉस पडतो.

आता लेकीचं. तिची दिशा बरोबर आहे, नाव मात्र चुकलंय. ‘अस्सल’, ‘कोल्हापुरी’, ‘गूळ’ हे तिन्ही शब्द सगळ्यांचे आहेत. मालाचं नुसतं वर्णन करणारं किंवा गावाचं नाव ट्रेडमार्क कायद्यात सहसा एकट्याला मिळत नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव या भागातल्या मालालाच लावता येतं. ते या भागातल्या उत्पादकांचं सामाईक आहे. तुम्ही त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करू शकता आणि करावीच, कारण बाहेरचा माल कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही आपली जुनी दुखरी नस आहे.

पण गावाचं नाव तुमची वेगळी ओळख करून देत नाही. आपल्या चपलांचंच बघा. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना कोल्हापुरी चपलेचं मानांकन मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर त्यांनी प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. चपलेला कोल्हापूरचं नाव होतं म्हणून ओरड तरी झाली. पण त्या गदारोळात एखाद्या कारागिराचं नाव, त्याचा शिक्का कुणाच्या तोंडी आला का? मला ते फार लागलं. गावाचं मानांकन हवंच, त्याच्या पोटात आपलं स्वतःचं नावही हवं.

ते नाव तुमच्या मळ्याचं असू द्या, आजीचं असू द्या, पण दुसऱ्या कुणाचं नसलेलं. गूळ ट्रेडमार्कच्या वर्ग ३० मध्ये येतो. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये, आणि एकदा नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं. अर्ज केल्यावर नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी छापला तर गुन्हा आहे. पाऊण लाखाच्या कोर्समध्ये हे शिकवतात का, तेवढं विचारायला सांगा.

आणि ‘सेंद्रिय’ हा शब्द तूर्त काढून टाका. हायड्रॉस न घालणं वेगळं आणि सेंद्रिय वेगळं. उसाला युरिया पडला असेल तर गूळ सेंद्रिय होत नाही, आणि नसेल पडला तरी पाकिटावर तो शब्द छापून दुकानात विकायला एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारमान्य सेंद्रिय योजनांचं प्रमाणपत्र लागतं. हायड्रॉसमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो, त्याची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) आहे. तुमच्या वेगळ्या आधणाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो आकडा गिऱ्हाइकाला दाखवा. ‘सेंद्रिय’पेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो. इथंच कोल्हापुरात आपलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. तिथं लेकीनं एकदा जाऊन बसावं. गुळाला को ९२००५ या जातीचा ऊस का चांगला, पाक किती तापमानाला उतरवायचा, हे तिला तुमच्याइतकं समजलं पाहिजे.

हे मी आग्रहानं का सांगतोय? दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मी एका दुकानातून सुबक डब्यातला गूळ आणला. वर बैलगाडीचं चित्र, सुतळीची गाठ. पंधरा दिवसांत गुळाला पाणी सुटलं, डब्याच्या तळाशी काळा चिकट थर साचला. मी डबा फिरवून फिरवून बघितला. आधण कधीचं ते नाही, पॅकिंगची तारीख पुसलेली, फोन नंबर नाही. तक्रार करायची तरी कुणाकडे? चित्रावर खर्च करणाऱ्यानं गिऱ्हाइकाला परत यायला वाटच ठेवली नव्हती. त्या डब्यावर नाव होतं, पण मला ते आज आठवत नाही.

म्हणून कोर्सला सध्या थांबवा. बी.कॉम. पूर्ण होऊ दे, बँकेच्या परीक्षाही देऊ दे, त्यात वाया काही जात नाही. पण येता हंगाम तिच्या हातात द्या. सगळं गुऱ्हाळ नको, फक्त ते वेगळं आधण. समजा दोनशे किलो, एक किलो आणि अर्ध्या किलोत. अन्न परवाना काढायचा, पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता, तक्रारीचा नंबर छापायचा. लेबल लावून पाकीटबंद केलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागू झाला, सुट्यावर नाही. तुम्हाला तो कधी भरावा लागेल आणि दरात कसा बसवायचा, हा हिशेब कॉमर्सच्या मुलीनं मांडावा.

एक वहीही तिनं घालावी. कोणत्या तारखेचं आधण, कोणत्या रानातला ऊस, कुणाच्या घरी किती गेला, आणि कुणी परत मागितला. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) गार पाण्यात पाक टाकून गोळी बघतो, तेव्हा तिनं शेजारी उभं राहून बघावं. दर आधण थोडं वेगळं उतरतं, आणि गिऱ्हाइकाला मात्र मागच्यासारखंच हवं असतं. ब्रँडचं खरं अवघड काम हे आहे, लोगो त्यापुढे सोपा. लेबल काढायला इथली उपयोजित कला शिकणारी मुलं आहेत, ती मनापासून करतील.

एका गोष्टीची मात्र तुम्ही दोघांनी बसून शपथ घेतल्यासारखी खूणगाठ बांधा. दिवाळीत मागणी वाढेल, वेगळं आधण संपेल आणि सौद्याचा गूळ समोर थंड होत पडलेला असेल. तो त्या पाकिटात भरायचा नाही. ‘संपला, पुढच्या आधणाला देतो’ असं सांगायचं. माझ्या समोर बसलेल्या कितीतरी घरगुती धंद्यांची घडी याच एका मोहात विस्कटलेली मी पाहिली आहे.

हंगाम संपल्यावर ती वही घेऊन बसा. परत मागणारी घरं वाढली असतील तर तिनं एमबीएची सीईटी द्यावी आणि मार्केटिंग घ्यावं. कोल्हापुरातही ते शिकता येतं, त्यासाठी गुऱ्हाळ सोडून जायला नको. तेव्हा तिच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील आणि शिकवणाऱ्यांकडून ती बरंच काढून घेईल. नाही वाढली, तर बँकेची वाट मोकळीच आहे, आणि पाऊण लाखही घरात आहेत.

सुरुवात दसऱ्याआधी फोननं करू दे. चाळीस घरांची यादी तुमच्या डोक्यात आहे, ती तिला उतरवून द्या. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी तुमचा गूळ घेणं बंद केलं, त्यांची नावं त्यात सगळ्यात वर लिहा. पहिले फोन त्यांना करायचे, आणि गूळ विकायला नाही, का सोडला ते विचारायला.