नाण्याचं तोंड नंतर, आधी कड

आईच्या डब्यात सात राणीछाप रुपये निघाले. सराफाने फरशीवर वाजवून पाहिले. पाच खणखणीत वाजले, दोन बद्द. ते दोन खोटे समजायचे का? (दांडिया बाजार, बडोदे)

एवढ्यावरून नाही. आवाज बिघडायला केसाएवढी चीरही पुरते. शिवाय राणीछाप रुपयाला कडी डाखून माळेत ओवत. पुढे कडी निघाली तरी डाख राहतो आणि नाणं बद्द वाजतं. कडेवर कुठे दाते बुजलेत का, ते आधी पाहा.

मग ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळवा. हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजलेला थोडा हलका भरेल, त्यामुळे नुसत्या वजनावर थांबू नका. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. आता जो आकडा दिसेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. उत्तर १०.३ च्या जवळ आलं पाहिजे. पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा पाण्यात १.१३ दाखवेल. जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, चांदी नावापुरतीच) असेल तर भागाकार साडेआठच्या आसपास घुटमळतो. (आमच्या घरी माझा पेला आता वेगळा ठेवतात.)

लोहचुंबकावर विसंबू नका. पितळ आणि जर्मन सिल्व्हर त्याला दाद देत नाहीत. उलट १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा, तो खरा असूनही चटकन चिकटतो.

फेरीवाल्याकडून सयाजीराव महाराजांचा मुखवट्याचा रुपया घेतला, संवत १९४९. ‘वाड्यातून निघालाय’ म्हणाला. वजन ९.८ ग्रॅम भरतंय. (राजमहाल रोड)

हे रुपये यंत्रावर पाडलेले, साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचे. दीड ग्रॅमहून जास्त धातू झिजला असता तर महाराजांचा चेहरा सपाट झाला असता. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तर नाकडोळे शाबूत आहेत! भिंगातून ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ ही गायकवाडांच्या पदवीची अक्षरं पाहा. ठशाने उठलेल्या अक्षराची बाजू उभी असते, कोपरा बोटाला जाणवतो. ओतीव नाण्यावरची अक्षरं आठवडाभर वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारखी दिसतात आणि आसपास सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. नाणं आडवं धरून कड फिरवा. साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ बहुधा तिथेच सापडेल. कानस मारून ती घालवली असेल तर कानशीचे ओरखडे सापडतील. आणि वाड्याचं म्हणाल, तर माझ्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक खोटा रुपया ‘वाड्यातूनच’ निघालेला असतो.

ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८ चा राम दरबाराचा अर्धा आणा आहे. फोनवर दहा लाख देतो म्हणतात, आधी नोंदणीचे पैसे मागतात.

पाठवू नका. कंपनीने असा अर्धा आणा कधी पाडलाच नाही. ही देवघरात ठेवायची नाण्यासारखी टिकली, चलन नव्हे. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलं आहे की जुन्या नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती शुल्क किंवा कमिशन घेत नाही. तांदूळ ओढणारं ‘चमत्कारी’ नाणं घेऊन कोणी आलं, तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

दोन जुने गायकवाडी पैसे मिळाले. अक्षरं अर्धवट, चित्र एका बाजूला सरकलेलं. खोटेच ना?

ही तर चांगली खूण. हातठोकीच्या पैशात ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे सगळा मजकूर एका पैशावर क्वचितच मावतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. अक्षरं एकाच जागी तुटलीत, कडेची भेगही एकाच जागी आहे, असं दिसलं तर दोन्ही एका साच्यातले. हातोडा दोनदा तसाच पडत नाही.

तांब्याची नाणी चिंचेने घासली तर चालेल?

नको. तो काळपट थर शंभर-दीडशे वर्षांत बसलेला असतो, आणि पारखी आधी तोच पाहतो. कोपऱ्याकोपऱ्यात मुरलेला असला तर बरं. वरवर फासलेला रंग ॲसिटोनच्या बोळ्यावर उतरतो. आधीच घासून बसला असाल तर ती तशीच राहू द्या. आठ दिवसांत जुना रंग परत आणून देतो म्हणणारे कारागीर आहेत. खोटी नाणी काळी करण्याचं कामही तेच घेतात.