“बाळ रडलं होतं का?”

प्रश्न: मी सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने खेड्यांत घरोघर जाऊन तान्ह्या बाळांच्या तब्येतीची माहिती गोळा करायची इंटर्नशिप मिळाली आहे. मी डॉक्टर नाही, औषध देऊ शकणार नाही. एखाद्या आईला तिच्या गेलेल्या बाळाबद्दल विचारायचं आणि फॉर्म भरून उठायचं, या विचारानेच अपराधी वाटतं. ताई, नुसतं विचारून कुणाचं काय भलं होणार?

उत्तर: माझी पहिली घरभेट सांगते. “मुलं किती?” “दोन.” मी दोन लिहून पुढे निघाले. सोबतच्या अनुभवी बाईंनी मला थांबवलं आणि हळूच विचारलं, “थोडाच वेळ जगलं, असं एखादं बाळ?” ती आई मांडीवरच्या लेकराचं दुपटं उगीच सारखं करत राहिली. मग म्हणाली, “एक होतं. सकाळी झालं, रात्री गेलं.” “रडलं होतं का?” “हो. बारीक.”

त्या एका शब्दाने नोंद बदलली. बाळ रडलं, श्वास घेतला, हातपाय हलवले, म्हणजे ते जिवंत जन्मलं. तो मृतजन्म नाही, नवजात मृत्यू आहे. आणि नवजात बाळ वाचवायला जन्मानंतरची ऊब, दूध, जंतुसंसर्ग यांकडे बघावं लागतं. न विचारलेलं बाळ कुठल्याच आकड्यात येत नाही गं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगात गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले: हा प्रयोग नसलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. जन्म आणि मृत्यू नीट मोजले, म्हणूनच हे जगाला दाखवता आलं.

तेव्हा मोजताना प्रामाणिक राहा. काटा शून्यावर आहे ना ते दर वेळी बघ. २४८० ग्रॅम भरलं तर २४८०च लिही, २५०० नको. त्याच रेषेखाली कमी वजनाचं बाळ ठरतं. श्वास पूर्ण मिनिटभर मोज, नवजाताचा श्वास एका लयीत नसतो. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोज. तरीही तेवढेच आले, बाळ दूध ओढत नसेल किंवा अंग गार लागत असेल, तर फॉर्म बाजूला ठेव आणि त्याला दवाखान्यात पोचवायच्या मागे लाग. कुणाला फोन करायचा, गाडी कुठून मिळेल, हे पहिल्याच दिवशी तुझ्या मार्गदर्शकांना विचारून ठेव.

गेलेल्या बाळाबद्दल घर भरलेलं असताना विचारू नकोस. उत्तर द्यायचं की नाही हे तिच्या मर्जीवर, असं आधी सांग आणि ते मनापासून पाळ. ती गप्प झाली तर तूही गप्प बस.

आम्ही निघताना त्या आईने विचारलं, “लिहिलंत ना त्याचं?” तिला वाचता येत नव्हतं. मी कागद तिच्यापुढे धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने वाकून बराच वेळ पाहिलं.